जड उचलायचं नाही, पण कधीपर्यंत?

मागच्या अंकात कॅन्सरच्या ट्रीटमेंटनंतर अंगात ताकद कशी आणायची यावर मी चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आले की यावेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि माझं काम कॅन्सरच्या पेशंटसोबतच चालतं, त्यामुळे हे प्रश्न मी रोज ऐकते, पण एकत्र वाचताना एक वाक्य सारखं सारखं समोर येत राहिलं, "आम्हाला जड उचलू नका सांगितलंय". कोणी सांगितलं, कशासाठी सांगितलं आणि मुख्य म्हणजे किती दिवसांसाठी सांगितलं, हे फार थोड्या पत्रांत होतं. ऑपरेशननंतर टाके भरेपर्यंत, आतलं शिवण पक्कं होईपर्यंत ती सूचना बरोबरच असते. पण आपल्याकडे ती घरात येते आणि जन्मभराची होऊन बसते, आणि त्याने माणूस हळूहळू आणखी कमजोर होत जातो, हे मला फार लागतं म्हणून एवढं लिहितेय.

पत्रं थोडी छोटी केलीत, ओळख पटेल असं सगळं काढलंय.

प्रश्न: वय ५२, डोंबिवली. दीड वर्षापूर्वी डाव्या स्तनाचं ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठीही काढल्या, नंतर केमो आणि रेडिएशन. आता लेट्रोझोलची (हॉर्मोन कमी करणारी) गोळी चालू आहे. तेव्हापासून डाव्या हाताने मी पाण्याची कळशीसुद्धा उचलत नाही, सगळे म्हणतात हात सुजेल. सूज अजून आलेली नाही, पण हात इतका बारीक झालाय की ट्रेनमध्ये वरची कडी धरून उभं राहता येत नाही. सकाळी बोटं आणि गुडघे आखडलेले असतात. मुलगी म्हणते डंबेल घे. घेऊ का?

घ्या ताई. घाईने नको, पण घ्या.

आधी भीती कुठून आली ते बघूया. काखेतल्या गाठी म्हणजे लिम्फ नोड्स काढल्या की हातातला लसिकेचा द्रव परत वर जायचा रस्ता अरुंद होतो, तो साचला की हात सुजतो, याला लिम्फेडेमा म्हणतात आणि हा धोका खरा आहे, कोणी उगाच घाबरवलेलं नाही. म्हणून पूर्वी जगभर सगळीकडे बायकांना त्या हाताने काहीच करू नका असंच सांगायचे. १९९६ मध्ये कॅनडात व्हँकुव्हरला डॉन मॅकेन्झी नावाच्या स्पोर्ट्स मेडिसिनच्या डॉक्टरांनी स्तनाच्या कॅन्सरमधून उठलेल्या २४ बायकांना चक्क ड्रॅगन बोट (बरेच जण मिळून वल्हवतात ती लांब होडी) वल्हवायला लावली, म्हणजे सगळा जोर खांद्यावर आणि हातांवर, आणि हात सुजतील ही भीती खरी ठरली नाही. मग २००९ मध्ये अमेरिकेत कॅथरिन श्मिट्झ यांच्या टीमने नीट अभ्यास करून दाखवला, आधीच हाताला सूज असलेल्या १४१ बायका, त्यातल्या निम्म्यांनी वर्षभर आठवड्यातून दोनदा वजन उचललं. सूज वाढली नाही, उलट ती मध्येच बळावण्याचं प्रमाण वजन उचलणाऱ्यांत १४ टक्के आणि न उचलणाऱ्यांत २९ टक्के निघालं. पुढच्याच वर्षी तुमच्यासारख्या, म्हणजे गाठी काढल्यात पण सूज नाही अशा बायकांचा निकाल आला, तिथेही वजन उचलल्याने सूज जास्त आली नाही.

असं का होतं तर स्नायू आकसला सुटला की तो द्रव पुढे ढकलला जातो. आणि दुसरं, जो हात वर्षभर काहीच उचलत नाही त्याला एक दिवस गॅसचा सिलेंडर सरकवावा लागतो किंवा ट्रेनमध्ये धक्का बसला की झटकन कडी पकडावी लागते, आणि तेव्हा त्या कमजोर हातावर जो अचानक ताण येतो तो डंबेलपेक्षा कितीतरी वाईट. मुंबईत राहून हाताला कधी झटका बसणारच नाही असं कोणी ठरवू शकत नाही, त्यापेक्षा हात तयार ठेवलेला बरा.

आता कसं करायचं. आधी तुमच्या डॉक्टरांना किंवा फिजिओला एकदा हात दाखवा, खांदा पूर्ण वर जातो का ते बघून घ्या, जात नसेल तर आधी भिंतीवर बोटं चालवत वर न्यायचा व्यायाम, मग वजन. शिंप्याकडे असते तशी टेप घ्या आणि कोपराच्या वर दहा सेंटीमीटर आणि खाली दहा सेंटीमीटर अशा दोन ठिकाणी दोन्ही हातांची मापं वहीत लिहून ठेवा, दर महिन्याला त्याच जागी मोजायचं. डंबेल विकत घ्यायची गरज नाही, अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली भरली की अर्धा किलो झालं. खुर्चीत ताठ बसून कोपर अंगाला टेकवायचं, बाटली खांद्याकडे न्यायची, तीन आकडे मोजत सावकाश खाली आणायची. खाली आणताना घाई करू नका, ताकद तिथेच तयार होते. दहा वेळा, मग जरा थांबून परत दहा. असंच भिंतीवर हात टेकवून पुश-अप, रबर बँड खिडकीच्या गजाला अडकवून मागे ओढणं. उजव्या हातानेही तेवढंच करायचं. आठवड्यातून दोन दिवस, मध्ये एकदोन दिवस मोकळे. दोन वेळा करूनही हात जड वाटला नाही, बांगडी घट्ट झाली नाही तर तिसऱ्या वेळी थोडं पाणी वाढवा म्हणजे मोठी बाटली घ्या आणि ती अर्धीच्या थोडी वर भरा. गावाला गेलात, लग्नकार्य आलं, आठवडाभर राहून गेलं तर परत थोड्या कमी वजनापासून सुरू करा, जिथे सोडलं तिथून एकदम नको.

हात जड वाटायला लागला, ब्लाउजची बाही त्याच बाजूला रुतायला लागली किंवा माप वाढलं तर थांबून दाखवून घ्या. आणि हात लाल झाला, गरम लागला, ताप आला तर ते इन्फेक्शन असू शकतं, त्यासाठी त्याच दिवशी डॉक्टर, दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

सांधे आखडतात ते बहुतेक त्या लेट्रोझोलमुळे, या गोळ्यांनी तसं होतं आणि हाडंही विरळ होतात. म्हणून काही जणी कोणाला न सांगता गोळी बंद करतात. कृपा करून ते करू नका. अशाच गोळ्या घेणाऱ्या बायकांना अमेरिकेत वर्षभर वजनाचा व्यायाम आणि चालणं दिलं तेव्हा त्यांची सांधेदुखी कमी झाली होती. हाडांसाठीही वजन उचलणं चांगलंच. तेव्हा तुमच्या मुलीचं ऐका.

प्रश्न: माझे मिस्टर ४६ वर्षांचे, घाटकोपर. तंबाखूमुळे गालाचा कॅन्सर झाला, ऑपरेशनमध्ये मानेतल्या गाठीपण काढल्या, नंतर रेडिएशन. आता आठ महिने झाले. उजवा खांदा खाली पडलाय, हात वर जात नाही, रात्री दुखतो. त्यांचं काम पहाटे दुधाचे क्रेट उतरवायचं. शेठ विचारतोय कधी येणार. तोंडही कमी उघडतं, भात कसाबसा जातो.

वहिनी, ऑपरेशन गालाचं झालं मग खांदा का पडला असं तुम्हाला वाटत असेल. मानेतल्या गाठी काढतात तिथूनच एक नस जाते, जी खांद्याच्या वरच्या मोठ्या स्नायूला चालवते. ती नस वाचवली तरी ऑपरेशनमध्ये ताणली जाते आणि तिला सावरायला कित्येक महिने लागतात. तोपर्यंत तो स्नायू ढिला, खांदा खाली आणि पुढे ओघळतो, आणि आजूबाजूचे स्नायू त्याचं काम ओढत बसतात म्हणून दुखतं. आपल्या देशात पुरुषांमध्ये तोंडाचाच कॅन्सर सगळ्यात जास्त, म्हणजे असे खांदे घरोघरी आहेत, पण हॉस्पिटलात सगळं लक्ष जखमेवर आणि तोंडावर असतं आणि खांद्याबद्दल विचारायचं राहून जातं. तुम्ही विचारलंत हे फार बरं केलंत.

ऑपरेशनच्या कागदांवर नस ठेवली का काढली ते लिहिलेलं असतं, ते घेऊन फिजिओकडे जा, कारण व्यायाम त्यावर ठरतो. नस ठेवली असेल तर सुरुवात साधी, आरशासमोर बसून दोन्ही खांदे कानाकडे उचलायचे, मग मागे नेऊन पाठीची दोन्ही पाती एकमेकांकडे दाबायची, पाच मोजेपर्यंत धरायची. आरसा यासाठी की उजवा खांदा मागे पडला की डोळ्याला दिसतं. मग रबर बँड ओढणं, मग हलकं वजन, हळूहळू वाढवत. अशा पेशंटवर झालेल्या अभ्यासात नुसत्या हातवाऱ्यांपेक्षा असा वाढत्या वजनाचा व्यायाम केलेल्यांचा खांदा कमी दुखला आणि जास्त चालला.

क्रेट मात्र आत्ता नको. खांदा असा ओघळलेला असताना हात खाली लोंबकळत ठेवून जड ओझं धरलं तर ती नस आणखी ताणली जाते, भाजीची जड पिशवीसुद्धा उजव्या हातात नको. शेठला सांगा की थोडे महिने मोजणीचं, हिशोबाचं काम द्या, आणि फिजिओकडून लेखी घ्या की किती किलो चालेल, दर महिन्याला तो आकडा बदलून घ्या. "उचलू नका" एवढंच लिहिलेला कागद घेऊ नका, त्याने नोकरी जाते.

तोंडासाठी आईस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून दातांमध्ये घालायच्या, अर्धा मिनिट धरायच्या, दिवसातून चारपाच वेळा, आणि जमेल तसतशी एकेक काडी वाढवायची. रेडिएशनने आतलं मांस पुढे बराच काळ आखडत राहतं म्हणून हे बरं वाटलं तरी बंद करायचं नाही. तंबाखू पूर्ण सुटलीय ना? नसेल तर बाकी सगळ्याच्या आधी ते.

प्रश्न: सासरे ७१ वर्षांचे, गिरगावात चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. प्रोस्टेट कॅन्सरसाठी दर तीन महिन्यांनी पोटात इंजेक्शन घेतात. पूर्वी रोज चौपाटीवर फिरायचे, आता दिवसभर खुर्चीत. खूप थकवा म्हणतात, मांड्या बारीक झाल्यात पोट वाढलंय. आम्ही त्यांना काही करू देत नाही, पाणीपण हातात देतो. तरी थकवा जात नाही.

तुमची माया कळते, पण हातात पाणी देणं बंद करा. हे मी अगदी मनापासून सांगते. ते इंजेक्शन शरीरातलं पुरुषी हॉर्मोन खाली आणतं, कॅन्सरला तेच हवं असतं म्हणून इंजेक्शन गरजेचं, पण त्याच हॉर्मोनवर स्नायू आणि हाडंही टिकून असतात. म्हणून मांड्या उतरतात, पोट सुटतं, हाडं विरळ होतात. त्यात खुर्चीत बसून राहिलं की उरलेले स्नायूही जातात, मग तीन पायऱ्या चढल्या तरी थकायला होतं, मग आणखी बसून राहतात. कॅन्सरचा थकवा झोपून जात नाही, हे लोकांना पटायला कठीण जातं. कॅनडात २००३ मध्ये अशाच इंजेक्शनवर असलेल्या १५५ पुरुषांचा अभ्यास झाला, बारा आठवडे वजनाचा व्यायाम केलेल्यांचा थकवा कमी झाला, न केलेल्यांचा नाही.

सुरू करायच्या आधी एकच गोष्ट नक्की विचारा, आजार हाडांत गेलाय का. गेला असेल तर कुठल्या हाडात ते समजल्याशिवाय वजन, वाकणं, पिळणं काही नाही, व्यायाम तेव्हाही असतो पण तो माहितगार फिजिओने जागा बघून ठरवायचा. आणि पाठीत नवीन दुखणं जे रात्री झोपल्यावर वाढतं, पायात मुंग्या, पाय लटपटणं, लघवी अडणं, असं काही झालं तर व्यायाम वगैरे विसरून लगेच हॉस्पिटल.

हाडं ठीक असतील तर खुर्चीपासूनच सुरुवात. बिनहाताची टणक खुर्ची भिंतीला लावून ठेवा, पावलं जरा मागे, छाती पुढे, हात छातीवर, आणि उठायचं. उठून झालं की धपकन बसायचं नाही, चार मोजत सावकाश बसायचं. पहिल्यांदा पाच जमले तरी खूप. उठताना श्वास सोडायचा, कोंडून धरायचा नाही. ओट्याला धरून टाचा उचलणं. मग जिना, तुमच्याकडे तीन मजले आहेत म्हणजे जिम घरातच आहे, आधी एक मजला उतरून परत चढायचं, कठडा धरून, कोणीतरी एक पायरी खाली सोबत. चपला सटकणाऱ्या नकोत, बूट घालून. काही आठवड्यांत चौपाटीचा विषय ते स्वतःच काढतील असं वाटतं. हाडांची घनता मोजायची डेक्सा टेस्ट झाली नसेल तर डॉक्टरांना विचारा, कॅल्शियम व्हिटॅमिन डी पण.

प्रश्न: केमो चालू असतानाच व्यायाम केला तर चालतो का? आणि प्रोटीन पावडर घ्यावी का? (वसई)

चालतो, फक्त दिवस बघून. केमोनंतरचे पहिले दोनतीन दिवस मळमळ असते तेव्हा घरातल्या घरात चालणं पुरे. रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशी कमी असतील तर गर्दीची जिम नको, घरी करा. प्लेटलेट्स फार खाली असतील किंवा हिमोग्लोबिन खूप उतरलं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय वजन नको. ताप असेल तर व्यायाम नाहीच, केमोमध्ये ताप म्हणजे हॉस्पिटलला फोन. काही औषधांनी तळपाय बधिर होतात, मग उभ्याने करायचे व्यायाम भिंतीजवळ करा, अनवाणी नको.

पावडर वाईट नाही, पण ती महाग असते आणि घरी जेवण नीट होत नसेल तरच ती लागते. किडनीचा त्रास नसेल तर दिवसाला वजनाच्या किलोमागे एक ते दीड ग्रॅम प्रोटीन धरून चाला, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६० ते ९० ग्रॅम. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम. वरणाचं नुसतं पाणी नको, घट्ट वरण, मूग, दही, पनीर, मासे खाणाऱ्यांना बांगडा बोंबील. पेशंटला पेजेवर आणि नारळपाण्यावर ठेवायची आपली पद्धत आहे, त्यात स्नायूला काही मिळत नाही.

प्रश्न: मोठ्या आतड्याच्या ऑपरेशननंतर पोटावर पिशवी आहे. नातू उचलला तर हर्निया होईल असं सांगितलंय. (ठाणे)

पिशवीच्या बाजूने हर्निया होऊ शकतो, खरंय. पहिले दोनतीन महिने नातवाला मांडीवर घ्या, उचलू नका. नंतर सर्जनला विचारून आधी पोटाचे श्वासाचे व्यायाम, आडवं पडून श्वास सोडत बेंबी आत ओढणं, मग हलकं वजन, उचलताना नेहमी श्वास बाहेर. खोकताना शिंकताना पिशवीच्या जागेवर हात दाबून धरा. स्टोमा नर्सकडून (पिशवीची काळजी शिकवणारी नर्स) सपोर्ट बेल्टचं माप घ्या. सिट-अप्स म्हणजे आडवं पडून उठून बसायचा व्यायाम मात्र नको.

प्रश्न: व्यायामाने कॅन्सर परत येत नाही असा मेसेज फिरतोय, खरं आहे का? (विलेपार्ले)

मेसेज अर्धा खरा आहे. २०२५ मध्ये एक मोठा अभ्यास आला, कोलन म्हणजे मोठ्या आतड्याचा कॅन्सर, ऑपरेशन आणि केमो पूर्ण झालेले ८८९ पेशंट. निम्म्यांना तीन वर्षं कोच देऊन व्यायाम करवला, बाकीच्यांना फक्त माहितीपत्रक. पाच वर्षांनी आजार परत न येता जगत असलेले व्यायामवाल्यांत शंभरात ८०, दुसरीकडे ७४. हा फरक लहान नाही, औषधांकडून आपण असाच फरक मागतो. पण तो एका प्रकारच्या कॅन्सरचा, केमोनंतरचा अभ्यास आहे, त्यात भर मुख्यतः भरभर चालण्यासारख्या व्यायामावर होता, आणि व्यायाम करूनही काहींचा आजार परत आलाच. म्हणून ज्यांचा परत आला त्यांना "तू व्यायाम केला नसशील" असं कोणी म्हणू नये, आणि व्यायाम करतो म्हणून कोणी औषध सोडू नये. थकवा, चिंता, उदासपणा आणि रोजची कामं यांच्यासाठी मात्र व्यायामाचा फायदा पक्का आहे. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या स्पोर्ट्स मेडिसिनच्या संस्थेने जे मार्गदर्शन दिलं त्याचा मथितार्थ असा की आठवड्यातून तीनदा अर्धा तास दम लागेल असं चालणं आणि दोनदा वजनाचा व्यायाम, प्रत्येक प्रकार आठ ते पंधरा वेळा, दोन सेट.

प्रश्न: मी २३, लालबाग. हॉजकिन्स लिम्फोमा (लिम्फ नोड्सचा कॅन्सर) झाला होता, केमो संपून पाच महिने झाले, पेट स्कॅन क्लिअर आहे. केमो द्यायला कातडीखाली बसवलेला पोर्ट अजून काढलेला नाही. आजारपणाआधी मी ढोल पथकात होतो. आई नाव काढू देत नाही. यावर्षी ढोल वाजवता येईल का?

तुझं पत्र वाचून खूप बरं वाटलं रे. आईवर चिडू नकोस, तिने तुला खूप वाईट अवस्थेत बघितलंय.

आधी तीन गोष्टी. तुझ्या केमोत बहुतेक लाल रंगाचं औषध असणार, त्याचा हृदयावर परिणाम होऊ शकतो आणि तो कधीकधी उशिरा दिसतो, म्हणून अलीकडचा टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) हवा. त्याच केमोत अनेकदा आणखी एक औषध असतं जे फुप्फुसाला त्रास देऊ शकतं, कोरडा खोकला किंवा जिना चढताना पूर्वी नव्हता असा दम असेल तर ते डॉक्टरांना नक्की सांग. आणि पोर्ट, तो कॉलरबोनच्या खाली असतो, तिथून ढोलाचा पट्टा गेला तर घासणार. काढायची तारीख कधी ते विचार, काढल्यावर जखम भरेपर्यंत थांब.

इको ठीक असला तर आजपासून कंबर, मांड्या आणि पाठ यांच्यावर काम कर, कारण ढोल हाताने वाजतो पण तो तासन् तास तोलते ती कंबर. स्क्वॉट, जमिनीवर झोपून कंबर वर उचलणं, प्लँक आधी गुडघ्यावर. पाठीवरच्या सॅकमध्ये दोन किलो तांदूळ भरून घरात दहा मिनिटं चाल, मग हळूहळू वजन आणि वेळ वाढव, पण एकावेळी एकच वाढव, दोन्ही नको. जिमला गेलास तर ट्रेनरला केमो, इको आणि पोर्ट हे तिन्ही सांग, लपवू नकोस. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत अंग मोडून आलेलं असेल तर आदल्या दिवशी जास्त झालं असं समजायचं.

सराव सुरू झाला की पथकप्रमुखाला आधीच सांगून ठेव. पहिले काही दिवस ढोल बांधून फक्त उभं राहायचं आणि चालायचं, मग दहापंधरा मिनिटं वाजवून उतरवायचा. यावर्षी आगमनाला थोडा वेळ ढोल आणि बाकी झांज किंवा ध्वज असं ठरव, विसर्जनाची अख्ख्या दिवसाची मिरवणूक पुढच्या वर्षी. आणि इकोचा रिपोर्ट घ्यायला जाशील तेव्हा आईला सोबत ने, ढोलाचं डॉक्टरांना तिच्यासमोरच विचार.